तोंगलीत एक दिवस: कालव्याकाठचं गाव कसं पाहावं

चीनमधल्या सूझौ शहरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी एक गोष्ट कळकळीने सांगतो. इथली जलगावं, म्हणजे कालव्यांकाठी वसलेली जुनी गावं, पाहायची असतील तर एका दिवसाला एकच गाव घ्या. शांघायहून निघणाऱ्या सहलींत सकाळी झोउझुआंग, दुपारी तोंगली आणि संध्याकाळी सूझौची एखादी बाग, असा भरगच्च कार्यक्रम असतो. त्यात निम्मा दिवस बसमध्ये जातो आणि उरलेला झेंडेवाल्या गाइडच्या मागे पळण्यात.

माझं आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं. मुलगी आणि जावई सूझौला नोकरीला आहेत, म्हणून निवृत्तीनंतर आम्ही दोघं वर्षातले काही महिने इथे असतो. ताइहू सरोवराच्या भोवतीचा हा सगळा मुलूख सपाट आणि सखल आहे. चारी बाजूंनी बांध घालून आत भात पिकवायचा आणि बांधाबाहेरच्या कालव्यांतून माल न्यायचा, असा इथला शेकडो वर्षांचा शिरस्ता. भात, रेशीम, विटा, नवरीची पालखी, सगळं पाण्यावरून जायचं. म्हणून गावं कालव्याला लागून वसली. ही गावं फक्त फोटोसाठी पाहून परत जाणं मला बरं वाटत नाही, कारण पाण्याशी कसं राहावं याचा इतका नीट वापरलेला नमुना क्वचित पाहायला मिळतो.

त्यातही मी तोंगली सुचवतो. पाच तळ्यांच्या मधे वसलेलं, कालव्यांनी सात तुकड्यांत विभागलेलं आणि ४९ पुलांनी पुन्हा जोडलेलं गाव, अशी त्याची ओळख सांगतात. शिवाय तिथे मेट्रो जाते, आणि युनेस्कोच्या यादीतली एक बाग तिथे आहे.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर चीनचा व्हिसा लागतो. काही देशांच्या प्रवाशांना थोड्या दिवसांसाठी जी बिनव्हिसा सवलत मिळते तिच्या यादीत भारत नाही, तेव्हा इंटरनेटवर ते वाचून गाफील राहू नका. मूळ पासपोर्ट दिवसभर अंगावर ठेवा. रेल्वेचं तिकीट पासपोर्टच्या नंबरावर निघतं, आणि ज्येष्ठांची सवलत मागायची तरी तोच दाखवावा लागतो.

पैशांचं घरूनच लावून घ्या. अलीपे किंवा वीचॅट यांपैकी एक ॲप, शक्य तर दोन्ही, फोनवर घालून आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडायचं आणि ओळख पडताळणी पूर्ण करायची. दोनशे युआनच्या आतल्या खरेदीवर जादा आकार लागत नाही, त्यावर तीन टक्के लागतात. म्हणून जेवणाचं बिल आणि तिकिटं वेगवेगळी भरलेली बरी. थोड्या सुट्ट्या नोटाही खिशात असू द्या. भाजी विकणाऱ्या आजीसुद्धा क्यूआर कोड पुढे करतात, पण फोनची बॅटरी संपली की नोटच उपयोगी पडते.

गूगलचा नकाशा इथे भरवशाचा नाही. गावडे म्हणून इथलंच नकाशाचं ॲप आहे, ते घ्या. ते अमॅप या नावानेही मिळतं आणि इंग्रजीत चालतं. भारतातलं सिम आंतरराष्ट्रीय रोमिंगवर असेल तर व्हॉट्सॲप सहसा चालू राहतं, हॉटेलच्या वायफायवर मात्र बंद पडतं. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा आधीच उतरवून ठेवा, आणि त्यात दोन-तीन वाक्यं तयार करून त्यांचे फोटो काढून ठेवा. शाकाहारी असाल तर पहिलं वाक्य: "मी मांस, मासे, मांसाचा रस्सा आणि डुकराची चरबी खात नाही, अंडं चालेल किंवा चालणार नाही." नुसतं "शाकाहारी" म्हटलं तर भाजी येते, पण ती चरबीत परतलेली असू शकते.

कधी जावं

मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे दोन उत्तम काळ. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत इथे महिनाभर रिपरिप चालते, भिंतींना बुरशी धरते. त्यानंतर ऑगस्टअखेरपर्यंत उकाडा इतका की दुपारी बाहेर पडवत नाही. हिवाळा ओला आणि बोचरा असतो. जुन्या वाड्यांतून शेगडी किंवा हीटर नसतो, त्यामुळे आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठतं.

१ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा, मे महिन्याच्या सुरुवातीची सुट्टी आणि चिनी नववर्ष हे दिवस पूर्ण टाळा. त्या दिवसांत पुलावर पाऊल ठेवायला जागा नसते. शनिवार-रविवारही नको. मंगळवार ते गुरुवार यांतला एखादा दिवस धरा.

माझ्या आवडीचा काळ म्हणजे सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरच्या सुट्टीनंतरचे दिवस. तेव्हा गुइहुआ फुलतो. मोगरा आणि पारिजातक यांच्याच कुळातलं हे झाड. फूल तीळभर, पण वास गल्लीच्या टोकापासून येतो. त्याच सुमारास तळ्यातला ताजा मखानाही बाजारात असतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

कसं पोचावं

शांघायहून यायचं तर वेगवान रेल्वेने अर्ध्या तासात सूझौ. दुसऱ्या वर्गाचं भाडं साधारण चाळीस युआन. आरक्षण पंधरा दिवस आधी खुलं होतं. इथे एक गोष्ट नीट पाहा: सूझौ नावाची स्टेशनं एकापेक्षा जास्त आहेत. तुम्हाला नुसतं "सूझौ" लिहिलेलं स्टेशन हवं, "सूझौ उत्तर" नको. कारण तोंगलीला जाणारी मेट्रोची चार नंबरची लाइन या मुख्य स्टेशनाखालीच आहे. स्टेशनाच्या फाटकातल्या यंत्राने पासपोर्ट वाचला नाही, तर बाजूच्या रांगेत माणूस बसलेला असतो. त्याला दाखवायचा, तो सोडतो.

चार नंबरची लाइन २०१७ पासून चालू आहे. दक्षिणेकडचं तिचं शेवटचं स्टेशन तोंगली. तासाभराचा प्रवास आणि दहा युआनच्या आत भाडं. सूझौतच मुक्काम असेल तर आठच्या आत मेट्रोत बसा.

तोंगली स्टेशनापासून जुनं गाव चालत जाण्याइतकं जवळ नाही. बाहेर बस मिळते. आम्ही दीदी नावाच्या टॅक्सीच्या ॲपवरून गाडी बोलावतो, कारण हिच्या गुडघ्यांना बसची पायरी उंच पडते. दहा-पंधरा मिनिटांत गाडी प्रवेशद्वाराशी सोडते. तिकीट शंभर युआनच्या आसपास आहे. त्यात तुइसी बाग आणि गावातले मुख्य जुने वाडे येतात, म्हणून आत वेगवेगळी तिकिटं काढावी लागत नाहीत. साठी ओलांडली असेल तर खिडकीवर पासपोर्ट दाखवून सवलत विचारा.

आधी बाग

गावात शिरलं की दोन्ही बाजूंना दुकानं लागतात. थांबू नका. सरळ तुइसी बाग गाठा. दहा-साडेदहाला बसगाड्या येतात आणि मग बागेतल्या प्रत्येक खिडकीशी रांग लागते. नऊच्या सुमारास आत असाल तर तासभर तरी निवांत मिळतो.

ही बाग रन लानशंग नावाच्या अधिकाऱ्याने बांधली. आन्हुई प्रांतात ते मोठ्या हुद्द्यावर होते. १८८५ साली त्यांच्यावर ठपका आला, पद गेलं, आणि ते आपल्या गावी परत आले. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी ही बाग उभी केली. रचना युआन लुंग या गावातल्याच चित्रकाराची. पदावर असताना निष्ठेचा विचार करावा आणि पद सुटल्यावर आपल्या चुका सुधारण्याचा, असं एक जुनं वचन आहे, त्यावरून बागेचं नाव ठेवलं. रन लानशंग यांना मात्र इथे फार दिवस बसता आलं नाही. १८८८ मध्ये ते वारले. बाग २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारशात आली, सूझौच्या अभिजात बागांच्या गटात.

आकार लहान आहे, दीड एकराहून थोडा जास्त. बाहेरून पाहिलं तर दरवाजा साधा. पश्चिमेला घर, मध्ये पाहुण्यांचा चौक, पूर्वेला बाग अशी एका ओळीत मांडणी आहे. बहुतेक माणसं घर भराभर ओलांडून तळ्याकडे जातात. तुम्ही घरात थोडं रेंगाळा. आतल्या चौकात समोरासमोर दोन माड्या आहेत आणि त्यांना चारही बाजूंनी वरून-खालून पडवीने जोडलं आहे. धो धो पाऊस असला तरी घरातल्या बाईला डोकं न भिजवता या माडीवरून त्या माडीवर जाता यायचं. पावसाळी मुलखात घर कसं बांधावं हे ज्याला कळतं तोच असं बांधतो.

मधल्या चौकात होडीच्या आकाराची एक खोली आहे. पाहुणे तिथे उतरत. ती जमिनीवरच आहे, खाली पाणी नाही. पलीकडे थंडीत बसायची खोली, जिच्या खिडकीतून हिवाळ्यातही तग धरणारी पाइन, बांबू आणि प्लम ही तीन झाडं दिसावीत अशी योजना.

मग गोल दरवाज्यातून पूर्वेकडे बागेत या. पहिल्यांदा वळणावळणाची पडवी लागते. तिच्या भिंतीत ओळीने नऊ जाळीच्या खिडक्या आहेत. घाईत असाल तर नुसती नक्षी दिसेल. जवळ जा. प्रत्येक जाळीच्या मधोमध फार जुन्या वळणाचं एकेक अक्षर बसवलेलं आहे, आणि नऊ अक्षरं मिळून कवितेची एक ओळ होते: वाऱ्याची झुळूक आणि चांदणं विकत घ्यायला एक पैसाही लागत नाही. पद गेलेल्या माणसाच्या बागेत ही ओळ वाचताना मला दर वेळी थांबावंसं वाटतं. आणि आणखी एक पाहा. अक्षराच्या भोवतीच्या पोकळीतून पलीकडचं तळं तुकड्यातुकड्यांनी दिसतं. चालत राहिलात तर प्रत्येक खिडकीत पाण्याचा वेगळा भाग येतो.

आता तळ्याकाठी या. माझ्या धंद्यातल्या माणसाला इथे सगळ्यात नवल वाटतं ते पाण्याच्या पातळीचं. तळ्याकाठच्या खोल्या, मंडप, पडव्या, सगळं पाण्याला अगदी टेकून बांधलेलं आहे. जोत्याचा दगड आणि पाणी यांत अंतर अगदी थोडं. असं बांधायला पाण्याची पातळी वर्षभर हातात असावी लागते. पूर चढला तर खोल्या बुडतील आणि पाणी उतरलं तर काठाचा चिखल उघडा पडेल. चहूकडे तळी आणि कालवे असलेल्या या सखल भागात पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, म्हणून हे धाडस जमलं.

तळ्यात दगडी होडीच्या आकाराचा मंडप आहे, त्याच्या भोवती लाल मासे घोटाळत असतात. समोरच्या काठावर उन्हाळ्यात बसायची खोली आहे. तिच्यात एक मोठा आरसा लावलेला आहे. आरशाकडे तोंड करून बसलात तरी पाठीमागचं तळं पुढ्यात येतं. लोक आरशापुढे स्वतःचे फोटो काढतात. ते सगळे पांगेपर्यंत थांबा आणि मग बसा. तिथून दुमजली पूल-पडवी अभ्यासिकेकडे जाते. तिच्या वरच्या मजल्यावरून पूर्ण बाग एका नजरेत येते. जागा अरुंद आहे, एका वेळी थोडीच माणसं मावतात.

बागांची आवड असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बाग कशी रचावी यावरचा चीनमधला पहिला सविस्तर ग्रंथ, युआन ये, ज्या जी छंग यांनी १६३१ मध्ये पुरा केला ते याच तोंगलीचे. कुंपणाबाहेरचं झाड, डोंगर किंवा आकाश आपल्या बागेच्या दृश्यात सामावून घ्यावं, हा त्यातला मोठा विचार. नऊ खिडक्यांसमोर उभं राहून तो पटकन कळतो.

वडिलांची बाग, मुलाची शाळा

बागेतून बाहेर आलात की शेजारीच लीझ कन्याशाळेची इमारत आहे. गाइड मंडळी तिच्याबद्दल घाईघाईने बोलतात, पण मला ती बागेइतकीच महत्त्वाची वाटते. रन लानशंग यांचे चिरंजीव रन छ्वानशिन यांनी १९०६ साली मुलींसाठी ही शाळा काढली, आणि ती आधी भरायची बागेच्या आवारातच. मुलींचे पाय लहान राहावेत म्हणून ते घट्ट बांधायची चाल तेव्हा चीनमधून गेली नव्हती. वडिलांनी एकांतासाठी बांधलेल्या बागेत मुलाने गावच्या पोरी शिकायला बसवल्या. आमच्या सौभाग्यवती शिक्षिका होत्या. त्या इथे बराच वेळ उभ्या असतात, आणि मीही घाई करत नाही.

जेवण

अकरा-साडेअकराला जेवून घ्या. लहान गावातल्या खाणावळींची स्वयंपाकघरं दीडच्या सुमारास थंडावतात, आणि बारानंतर मोकळं टेबल मिळत नाही. कालव्याकाठच्या पहिल्या रांगेत पाट्या मोठ्या आणि दर चढे असतात. एक गल्ली आत शिरा, जिथे गावातली माणसं जेवताना दिसतील तिथे बसा.

इथला मान डुकराच्या खुराला आहे. लालसर रश्श्यात मंद शिजवलेला, दुकानांसमोर ढिगाने मांडलेला असतो. खाणाऱ्याने जरूर खावा. तळ्यातले मासे आणि कोळंबीही चांगली. आम्ही शाकाहारी, म्हणून त्याबद्दल अधिकाराने बोलणार नाही.

शाकाहाऱ्यांनी मात्र सूझौकडे आनंदाने यावं. पाण्यात पिकणाऱ्या आठ गोष्टींना इथे फार मान आहे, आणि त्यांतल्या तीन तर आपल्या ओळखीच्या: कमळकाकडी, शिंगाडा आणि मखाना. आपण मखाना लाह्या करून खातो, इथे तो शरदात ताजा, सोललेला खातात. पांढऱ्या शुभ्र मोत्याएवढे दाणे, पाण्यात मिनिटभर उकळून साखर आणि गुइहुआची फुलं घालून वाटीत देतात. दाताखाली किंचित चिकट, किंचित कच्चा लागतो. सोलायचं काम सगळं हातानं, अंगठ्याला धातूचं नख लावून. गावात बाया दारात बसून सोलताना दिसतात. दर जास्त वाटला तरी तो या कष्टाचा आहे, घासाघीस करू नये. इतर महिन्यांत मखान्याच्या पिठाच्या मऊ वड्या मिळतात.

कमळकाकडीच्या भोकांत चिकट तांदूळ भरून, साखरेच्या पाकात शिजवून, गार चकत्या देतात. ही नक्की मागवा. पालेभाजी, टोफू, बांबूचे कोंब सांगता येतील, पण तयार ठेवलेला फोटो आचाऱ्यापर्यंत पोचवा. नूडलचा रस्सा जवळजवळ नेहमी मांसाचा असतो. पायाच्या तळव्यासारख्या आकाराची खारी-गोड बिस्किटं इथली खासियत आहे. त्यांतही चरबी असू शकते, तेव्हा विचारून घ्या. आमच्या पिशवीत थेपले आणि थर्मास असतो, तो भाग वेगळा. गरम पाणी इथे कुणीही आनंदाने भरून देतं.

तीन पूल

जेवून झालं की तीन पुलांकडे चला. ताइपिंग, जीली आणि चांगछिंग. तिन्ही पूल कालव्यांच्या एकाच संगमावर, हाकेच्या अंतरावर आहेत. शांतता, शुभ आणि सदा आनंद, अशा अर्थाची ही नावं. लग्नाची वरात या तिन्हींवरून जाते, बाळाला महिना झाला की आई त्याला घेऊन जाते, आणि सहासष्टाव्या वाढदिवसाला दुपारच्या जेवणानंतर हे तीन पूल चालून यायचे अशी इथली रीत. मुलीच्या ऑफिसातल्या एका बाईंनी ही सांगितली. मला सहासष्टावं लागलं तेव्हा आम्ही चौघं मुद्दाम आलो. पलीकडून एक स्थानिक आजोबा आपल्या मुला-सुनांबरोबर त्याच कामासाठी आले होते. त्यांनी माझ्याकडे बघून बोटांनी सहा-सहा अशी खूण केली, मी मान डोलावली, आणि आम्ही पुलाच्या मधोमध एकमेकांचे हात हातात घेतले. भाषेची काही गरज पडली नाही.

आता पुलांकडे बांधकाम म्हणून पाहा. ताइपिंग लहानसा, सरळ शिळांचा पूल आहे. दुसरे कमानीचे. कमान उंच का, तर खालून भरलेली नाव जावी म्हणून. त्यामुळे वरच्या माणसाला पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात. म्हणजे मान होता नावेचा, पायी चालणाऱ्याने त्रास सोसायचा. खांबांवर कोरलेल्या ओळी काही ठिकाणी पाण्याच्या बाजूला आहेत, कारण वाचणारा बोटीतून यायचा. दगडाचा रंगही पाहत चला. या मुलखात फार जुन्या पुलांना जांभळट छटेचा दगड वापरत, नंतरच्यांना करडा ग्रॅनाइट. दुरुस्त्या होत गेल्या तसे काही पुलांत दोन्ही मिसळले.

गुडघे दुखत असतील तर पायऱ्यांवर कडेने चढा, मधला भाग झिजून गुळगुळीत झालेला असतो आणि पावसात घसरतो.

काठावर काय पाहावं

या भागाला एक तास ठेवा आणि कुठलंही तिकीट न लागणारी गोष्ट करा. कालव्याच्या एका काठाने चालत समोरचा काठ न्याहाळा. स्वतःच्या पायाखालचा काठ दिसत नाही, समोरचा दिसतो.

जवळजवळ प्रत्येक जुन्या घरासमोर पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. काही दोन्ही बाजूंनी उतरतात, काही घराच्या खालूनच निघतात. खालच्या पायऱ्या पाण्यात बुडालेल्या असतात. पाणी थोडं खाली-वर झालं तरी कपडे धुणाऱ्या बाईला उभं राहायला पायरी मिळावी म्हणून. अजूनही सकाळी तिथे भाजी धुताना, पोछा पिळताना बाया दिसतात. त्यांचे फोटो विचारूनच काढा. ते त्यांचं घर आहे.

मग काठाच्या भिंतीत नाव बांधायचे दगड शोधा. भिंतीतून हातभर बाहेर आलेला किंवा भिंतीत बसवलेला दगड, त्याला आरपार भोक, त्यातून दोर ओवायचा. साधं भोक पाडलं असतं तरी चाललं असतं. पण भोकाभोवती ढग, फळ, शुभचिन्ह असं काहीतरी कोरलेलं असतं. काही भोकांच्या कडा दोराने घासून खोलगट झाल्या आहेत. बोट फिरवलं तर खोबणी लागते. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे दगड मोजायला लावा, दुपार कशी गेली ते कळणार नाही.

नावेत बसायचं तर याच वेळी बसा. भाडं माणशी नसतं, नावेमागे असतं, आणि घाटावरच्या फलकावर लिहिलेलं असतं. चौघं-पाचजण मिळून घेतली की परवडते. लाइफ जॅकेट घालावं लागतं. नावाडी मागे उभा राहून एकच लांब वल्हं हलवतो. ते पाण्याबाहेर काढत नाही, आतल्या आत डावी-उजवीकडे फिरवत राहतो. अरुंद कालव्यात बाजूला वल्ही पसरायला जागा नसते, म्हणून ही रीत. पाणकावळ्यांकडून मासे पकडून दाखवण्याचे खेळही होतात. आम्ही ते पाहत नाही, पक्ष्यांच्या गळ्याला दोर बांधलेला बघवत नाही.

दुपारचा चहा आणि एक वाडा

वाडे बरेच आहेत, सगळे पाहू नका, एकसारखे वाटू लागतात. एकच पाहायचा तर ज्यायिन वाडा, १९२२ मधला. जुन्या दरबारी अधिकाऱ्यांच्या टोपीसारखा त्याच्या मुख्य दालनाचा आकार म्हणतात. तुळयांवरचं लाकडी कोरीव काम पाहायला मान वर करावी लागते, तेव्हा आधी बाकावर बसा.

मग नानयुआन चहागृहात या. जुनं लाकडी, वरच्या मजल्याच्या खिडक्या कालव्यावर उघडणारं. छिंग या चीनच्या शेवटच्या राजवटीच्या अखेरीला कवी आणि सुधारक इथे जमत. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या नानश या कविमंडळाचे एक संस्थापक छन छूपिंग तोंगलीचेच. चहा मागवला की काचेच्या पेल्यात पानं घालून वर गरम पाणी, आणि पुढे हवं तितकं पाणी. ताइहूकाठचा पीलोचुन हा हिरवा चहा मागा. साखर-दूध नाही. पानं तळाला बसू द्या, मग प्या. एका पेल्यावर तास-दीड तास बसलात तरी कुणी उठवत नाही.

नशीब असेल तर गावात कुठे पिंगतान चालू असेल. तीन तारांचं सानश्येन आणि पिपा घेऊन दोघं बसतात, सूझौच्या बोलीत गातात आणि गोष्ट सांगतात. शब्द कळत नाहीत, पण एकच माणूस आवाज आणि डोळे बदलून आधी म्हातारी आणि मग कारकून कसा होतो ते पाहत राहावं. मध्येच उठून जाऊ नका, एक प्रवेश पूर्ण ऐका.

लुओशिंग बेट सरोवरात आहे, नावेने जावं लागतं. बौद्ध, ताओ आणि कन्फ्यूशियस यांची स्थानं तिथे एकत्र आहेत. वेळ आणि पाय दोन्ही शिल्लक असतील तरच जा.

परत येताना

बाग आणि वाडे संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतात, बसगाड्याही त्याच सुमारास निघतात. त्यानंतरचा एक तास गाव गावकऱ्यांचं असतं, म्हणून शांघायची परतीची गाडी साडेआठच्या आधीची घेऊ नका. सव्वासहाला गावातून निघालात तर मेट्रोने साडेसातपर्यंत सूझौ स्टेशन, आणि तपासणीच्या रांगेला अर्धा-पाऊण तास हाताशी राहतो. स्टेशनावर सामान तपासून मगच आत सोडतात, गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं. आठवडाअखेर किंवा सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आयत्या वेळी तिकीट मिळत नाही, जाताना काढाल तेव्हाच परतीचंही काढून ठेवा.